प्लेगच्या जंतूचं बारसं

पोरांनो, आपल्या विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाजवळून हायवे जातो ना, तो धरून वर गेलं की सुरत. १९९४च्या सप्टेंबरात तिथली लाखो माणसं घरदार सोडून पळाली. प्लेग आला होता. आपल्या बीड जिल्ह्यातही त्याच सुमारास तो निघाला होता.

प्लेगचा जंतू पहिल्यांदा हाती लागला १८९४ साली, हाँगकाँगला. अलेक्झांडर येर्सिन नावाचा तरुण डॉक्टर तिथे गेला, पण प्रेतं तपासायला त्याला कोणी देईना. मग त्याने गवताची झोपडी बांधली, प्रेतं सांभाळणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवले आणि गाठीतला पू मिळवला. सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर जंतूच जंतू! दोनच वर्षांनी मुंबईत, मांडवीला, डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला.

जंतूचं बारसं मात्र पुन्हापुन्हा झालं. आधी बॅक्टेरियम पेस्टिस, मग पाश्चरच्या नावावरून पाश्चुरेला पेस्टिस. १९४४ साली व्हॅन लोघेम या डच शास्त्रज्ञाने येर्सिनिया पेस्टिस हे नाव सुचवलं. येर्सिन आदल्याच वर्षी वारला होता. मला याची फार हळहळ वाटते.

खरी गंमत पुढे आहे. १९८० साली डीएनए ताडून पाहिला, तर हा जंतू आणि येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस जवळजवळ एकच निघाले! तो दुसरा पोट दुखवतो, ताप आणतो, पण सहसा जीव घेत नाही. शास्त्राचा नियम असा, की दोन जंतू एकच ठरले तर आधीचं नाव टिकतं. आधीचं नाव या पोटदुखीवाल्याचं. म्हणजे प्लेगचा जंतू त्याच नावाखाली, त्याची उपजात म्हणून जायचा. पण रोग्याच्या रिपोर्टवर ते सौम्य नाव वाचून एखादा डॉक्टर बेसावध राहिला तर? प्लेगमध्ये औषधाला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. म्हणून १९८५ साली नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने नवं नाव धोक्याचं ठरवून फेटाळलं आणि पेस्टिस कायम ठेवलं. नियमापेक्षा रोग्याचा जीव मोठा धरला, हे मला मनापासून पटतं.

एवढं साम्य, मग दोघांपैकी प्लेगचाच जंतू पिसवांतून का पसरतो? त्याचं एक कारण असं. पोटदुखीवाल्याकडे युरिएज नावाचं विकर असतं, त्याने कितीतरी पिसवा मरतात. प्लेगवाल्याच्या डीएनएमध्ये एक अक्षर जास्तीचं घुसलं आणि ते विकर बंद पडलं. म्हणून त्याला पोटात घेऊनही पिसू जगते, आणि पुढच्याला चावते.