दोन आठवड्यांची नोटीस

३ डिसेंबर २०१८ रोजी टम्बलर या अमेरिकी समाजमाध्यमाने आपल्या सभासदांना कळवलं, की १७ तारखेपासून इथे ‘प्रौढ मजकूर’ चालणार नाही. म्हणजे संभोगाची दृश्यं नाहीत, गुप्तांगं नाहीत आणि बाईची उघडी छाती नाही. पुरुषाची चालेल. हा छातीचा नियम इतक्या अवघडलेल्या भाषेत लिहिला होता, की त्याची पुढे कित्येक महिने टिंगल चालली. टिंगल करणारे तोवर गाशा गुंडाळायला लागले होते.

मी पुण्यात राहते आणि चित्रं काढून पोट भरते. जीवशास्त्राच्या पुस्तकांतल्या आकृत्या, आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिका, कधी दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते. माणसाचं शरीर हाच धंदा असल्यामुळे टम्बलरवर माझी नित्याची ये-जा असायची. जगभरचे चित्रकार तिथे लाइफ ड्रॉइंगची स्केचेस टाकायचे. आपल्याकडे आर्ट स्कूलच्या लाइफ क्लासला त्याच दोन-तीन मॉडेल वर्षानुवर्षं येतात. टम्बलरवर मात्र सत्तरीची बाई, पोलिओने वाळलेला पाय, सिझेरियनचा व्रण, एक स्तन काढलेली छाती असं सगळं बघायला मिळायचं. अशी शरीरं मासिकांत येत नाहीत आणि जाहिरातींत तर नाहीच नाही.

पॉर्नही होतं, आणि भरपूर होतं. ते नव्हतंच असा आव मी आणणार नाही. पण एका गोष्टीचं मला तेव्हाही नवल वाटायचं, की ते बघणाऱ्यांत आणि त्यावर बोलणाऱ्यांत बायका फार होत्या. नेहमीच्या पॉर्न साइट पुरुषांच्या चवीने रांधलेल्या. इथे बायका आपल्याला काय आवडतं ते आपसांत ठरवत होत्या.

डेव्हिड कार्प या विशीतल्या पोराने २००७ साली न्यूयॉर्कमध्ये टम्बलर सुरू केलं. खरं नाव द्यायची सक्ती नव्हती. फेसबुकवर मामा, काकू, शाळेतल्या बाई असा सगळा गोतावळा असतो, इथे तसं कुणीच नव्हतं. त्यामुळे घरी काही सांगू न शकणारी मुलं इथे यायची. समलिंगी असलेली, किंवा ट्रान्स असलेली. कुणी हार्मोनचं औषध सुरू केल्यावर महिन्यामागून महिना आपला फोटो टाकायचं, शस्त्रक्रियेनंतरचे टाके दाखवायचं, आणि खाली चार जण विचारायचे, दुखतं का, आंघोळ कधी केलीस, डॉक्टर काय म्हणाले. एकाची पोस्ट दुसरा स्वतःच्या पानावर घेऊन त्याखाली आपलं दोन ओळींचं लिहायचा, मग तिसरा, मग चौथा. मूळ माणूस खातं बंद करून गेला, तरी दुसऱ्यांच्या पानांवर त्याची पोस्ट उरायची. फक्त त्याच्या नावापुढे ‘डीअॅक्टिव्हेटेड’ असा शब्द आणि सोडून गेल्याची तारीख चिकटायची. आजही तिथलं जुनं काही चाळलं, की २०१८च्या डिसेंबरातल्या तारखा ओळीने दिसतात.

ही बंदी आली कशामुळे? नैतिकतेच्या झटक्यामुळे नव्हे. २०१३ साली याहूने टम्बलर ११० कोटी डॉलरना विकत घेतलं. २०१७ साली याहूच व्हेरायझन या टेलिफोन कंपनीकडे गेली. जाहिरातदाराला आपल्या साबणाशेजारी नागडा माणूस नको असतो, त्यामुळे कुरबुर आधीपासून होतीच. पण कडेलोट केला तो अॅपलने. नोव्हेंबर २०१८च्या मध्यावर आयफोनच्या अॅप स्टोअरमधून टम्बलर गायब झालं. कारण गंभीर होतं: तपासणीत मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली होती.

इथे जरा थांबून तंत्राचं बोलायला हवं, कारण घोळ इथेच आहे. मुलांच्या शोषणाच्या ज्या चित्रांची पोलिसांना आणि बालहक्क संस्थांना आधीच माहिती असते, त्या प्रत्येकाचा एक गणिती ठसा काढून ठेवतात. नवीन चित्र वर चढलं की त्याचा ठसा त्या यादीशी ताडून बघतात. जुळला तर चित्र अडवायचं. टम्बलरवर सापडलेली चित्रं त्या यादीत नव्हती, म्हणून निसटली. यावर उपाय म्हणजे तपासायला जास्त माणसं नेमणं, तक्रारीची दखल तासाभरात घेणं, पोलिसांशी नीट संपर्क ठेवणं. हे काम खर्चाचं आणि किचकट आहे. कंपनीने निवडलं दुसरंच: सगळी नग्नता बंद. बलात्काऱ्याला शोधायचं होतं, आणि नोटीस गेली न्हाणीघरात असलेल्या प्रत्येकाला. टम्बलर डिसेंबरातच अॅप स्टोअरमध्ये परत आलं.

बंदी राबवायचं काम यंत्राकडे दिलं. अशा यंत्राला हजारो-लाखो चित्रं दाखवून ‘हे नग्न, हे नाही’ असं शिकवलेलं असतं. मग नवीन चित्र आलं की ते फक्त शक्यता सांगतं, इतके टक्के नग्न. किती टक्क्यांच्या वर गेलं की काढायचं, ते माणूस ठरवतो. समजा यंत्र शंभरातली नव्व्याण्णव चित्रं बरोबर ओळखतं. दहा लाख चित्रांमागे दहा हजार चुका झाल्याच. टम्बलरवर चित्रं कोट्यवधी होती. अंगभर कपड्यांतल्या माणसांचे फोटो, कार्टून, पुतळे, काय काय म्हणून पकडलं गेलं! सभासदाला त्या पोस्टवर लाल पट्टी दिसायची, पोस्ट इतरांना दिसेनाशी व्हायची, आणि फेरविचारासाठी एक बटण असायचं. दहा वर्षांत हजारो चित्रं टाकलेल्या माणसाने ते बटण किती वेळा दाबायचं?

कागदावर नियम तसे समंजस होते. स्तनपान चालेल, बाळंतपण चालेल, स्तन काढल्यावरचा फोटो चालेल, लिंगबदलाची शस्त्रक्रिया चालेल, शिल्पं आणि चित्रं चालतील. पण हा फरक यंत्राला कळणार कसा? न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने या यंत्राचा फटका समलिंगी आणि ट्रान्स लोकांना जास्त बसला का, याची चौकशी केली. २०२२मध्ये समझोता झाला, त्यात टम्बलरने अपिलांची पद्धत तपासायचं, तपासनिसांना प्रशिक्षण द्यायचं आणि यंत्रात पक्षपात आहे का हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यायचं कबूल केलं. तोवर तीन वर्षं उलटली होती. माणसं कधीच पांगली होती.

टम्बलर एकटंच असं नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये ब्राझीलमधल्या एका सभासदाने इन्स्टाग्रामवर स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारे फोटो टाकले आणि यंत्राने ते उडवले. ते प्रकरण फेसबुकनेच नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डापर्यंत गेलं. जानेवारी २०२१मध्ये बोर्डाने निकाल दिला, की पोस्ट काढणं चूक होतं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने चक्क ओन्लीफॅन्सवर, म्हणजे प्रौढ मजकुराच्या साइटवर, खातं उघडलं, कारण तिथल्या संग्रहालयांतली न्यूड चित्रं आणि शिल्पं बाकीच्या माध्यमांवर टिकत नव्हती. विलेन्डॉर्फची व्हीनस ही हजारो वर्षांपूर्वीची वीतभरही उंची नसलेली दगडी मूर्ती, तीदेखील फेसबुकला अश्लील वाटली होती.

माझाही एक अनुभव आहे. आशाताईंसाठी, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांसाठी, स्तनपानाची एक चित्रमालिका केली होती. बाळाने छाती नीट धरली आहे की नाही, हे ओळखायच्या खुणा असतात: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळ्या वर्तुळाचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त दिसणारा. ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. बाळाने नुसतं बोंड धरलं तर आईला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं. आता हे चित्र पदर घेऊन कसं काढायचं? काळ्या शाईची साधी रेघ होती, रंगसुद्धा नव्हता. एका मोठ्या समाजमाध्यमाने मालिकेतली नेमकी तीच दोन चित्रं काढून टाकली. एका ताईंनी फोन करून विचारलं, “मॅडम, तिसरं आणि चौथं चित्र उघडतच नाही हो.” शेवटी छापील तक्ते पाठवले.

टम्बलरचे आकडे बघा. सिमिलरवेब ही कंपनी वेबसाइटवरची वर्दळ मोजते. तिच्या हिशेबाने डिसेंबर २०१८मध्ये सुमारे ५२ कोटी भेटी होत्या, फेब्रुवारी २०१९मध्ये ३७ कोटी. ऑगस्टमध्ये वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिक कंपनीने टम्बलर विकत घेतलं. ३० लाख डॉलरपेक्षाही कमी किमतीला, अशा बातम्या होत्या. नग्नतेवरची बंदी २०२२च्या नोव्हेंबरात सैल झाली, संभोगाची दृश्यं अजून बंदच आहेत. नव्या मालक कंपनीचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की जुने दिवस परत आणणं शक्य नाही. क्रेडिट कार्ड कंपन्या आणि अॅप स्टोअर ते होऊ देणार नाहीत.

खरी चावी इथे आहे. ऑगस्ट २०२१मध्ये ओन्लीफॅन्सने, म्हणजे ज्या साइटचा धंदाच प्रौढ मजकुरावर चालतो तिने, उघड संभोगाचा मजकूर बंद करायचं जाहीर केलं, बँकांकडे बोट दाखवून. ओरड झाल्यावर सहा दिवसांत निर्णय मागे घेतला. जुलै २०२५मध्ये इच या स्वतंत्र व्हिडिओ गेमच्या बाजाराने पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांच्या दबावाखाली प्रौढ वर्गातले सगळे गेम शोधयादीतून काढले. कुठल्या देशात काय दाखवावं हे तिथली संसद किंवा न्यायालय ठरवतं, असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. इथे ते ठरवणाऱ्यांना कुणी मत दिलेलं नाही.

मला अशा वेळी र. धों. कर्वे आठवतात. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७पासून १९५३पर्यंत चालवलं, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४चा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. अन्यायच होता. पण आरोप लेखी होता, न्यायाधीश समोर बसलेला होता, युक्तिवाद करता आला, आणि दंड भरून पुढचा अंक काढता आला. टम्बलरवर फोटो टाकणाऱ्या पोराला यातलं काय मिळालं?

बंदी सरसकट वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निकोलस क्रिस्टोफ यांचा लेख आला. पॉर्नहबवर अल्पवयीन मुलींचे आणि संमतीविना काढलेले व्हिडिओ कसे पुन्हा पुन्हा चढतात, याबद्दल तो होता. व्हिसा आणि मास्टरकार्डने हात काढून घेतल्यावर त्या साइटने ओळख न पटवलेल्यांचे लक्षावधी व्हिडिओ काढले. ते व्हायलाच हवं होतं. तिथे प्रश्न संमतीचा होता आणि उपायही संमतीचाच शोधला गेला: व्हिडिओ टाकणारा कोण, हे आधी सिद्ध करा.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या २०१८च्या फोस्टा कायद्याचं. सभासदांनी टाकलेल्या वेश्याव्यवसायाच्या मजकुराबद्दल साइटला जबाबदार धरणारा हा कायदा मानवी तस्करी रोखायला आणला. क्रेग्सलिस्टने घाबरून वैयक्तिक जाहिरातींचा विभागच बंद केला. लैंगिक काम करणाऱ्या बायका अशा ठिकाणी गिऱ्हाइकाची आधी चौकशी करायच्या, मारकुट्या गिऱ्हाइकांबद्दल एकमेकींना सावध करायच्या. ते तुटलं. अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०२१मध्ये नोंदवलं, की या कायद्याच्या फौजदारी कलमाखाली तोवर एकच खटला भरला गेला, आणि साइट परदेशात गेल्यामुळे पोलिसांना पुरावा मिळणं आणखी अवघड झालं.

पांगलेले लोक कुठे गेले? बरेचसे ट्विटरवर. ते आता एक्स आहे, आणि २०२४पासून त्याच्या नियमांत प्रौढ मजकुराला उघड परवानगी आहे. पण तिथे गर्दी आहे, घोळका नाही. फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकांतल्या-मालिकांतल्या पात्रांवर स्वतःच्या कथा, लिहिणाऱ्या बायका तेवढ्या शहाण्या निघाल्या. २००७ साली लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटने शेकडो खाती एका फटक्यात बंद केली होती, त्यात त्यांची होती. त्यांनी वर्गणी जमवली, संस्था नोंदवली, स्वतःचे सर्व्हर घेतले आणि २००९मध्ये आर्काइव्ह ऑफ अवर ओन नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. जाहिरात नाही, मालक नाही. प्रौढ कथेला तसं लेबल लावायचं, ज्याला नको त्याने उघडू नये. २०१९ साली, टम्बलर कवडीमोल विकलं गेलं त्याच ऑगस्टमध्ये, या संकेतस्थळाला विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

सगळ्यांना स्वतःचे सर्व्हर घेणं जमणार नाही, मलाही जमलेलं नाही. पण तुमचा नव्या आयांचा, कर्करोगातून उठलेल्या बायकांचा किंवा चित्रकारांचा गट अशा एखाद्या माध्यमावर असेल, तर दोन कामं या आठवड्यात उरकून टाका. सेटिंग्जमध्ये जाऊन आपला सगळा मजकूर डाउनलोड करून ठेवा. आणि गटातल्या माणसांचे, ज्यांची हरकत नसेल त्यांचे, फोन नंबर किंवा ईमेल एका वहीत लिहून घ्या. १७ डिसेंबरनंतर टम्बलरवरच्या कित्येकांना आपल्या मित्राचं खरं नावच माहीत नव्हतं.