जॅक, टेकू आणि खालची जमीन

मोटारीचे चाक जमिनीवरून वर घेणे आणि वर घेतलेली मोटार तशीच धरून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची साधनेही वेगळी. पहिले काम जॅकचे. दुसरे टेकूचे, म्हणजे ज्याला बाजारात जॅक स्टँड म्हणतात त्याचे. पंक्चर झालेले चाक बदलायला नुसता जॅक पुरतो, कारण त्या दहा-पंधरा मिनिटांत माणसाला गाडीखाली जायचे नसते. ब्रेक उघडायचा, इंजिन ऑइल काढायचे, सायलेन्सरचा सुटलेला पट्टा बांधायचा, अशा कामांत मात्र हात, डोके किंवा सगळे अंग गाडीखाली जाते. तिथे जॅकवर तोललेली गाडी पडणारच आहे असे धरून चालावे लागते.

घरगुती वापरात तीन प्रकारचे जॅक दिसतात. गाडीसोबत डिकीत मिळतो तो कात्रीसारखा उघडणारा स्क्रू जॅक. त्याचा आटा स्वतःहून उलटा फिरत नाही, त्यामुळे तो हळूहळू खाली बसत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे: बूड तळहाताएवढे, आणि जितका वर जाईल तितका डगमगता. बाटली जॅक आणि चाकांचा ट्रॉली जॅक तेलावर चालतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलेले तत्त्व; जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने 1795 मध्ये त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याच्या दहापट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या असेल तर जोरही दहापट होतो, आणि दांड्याच्या तरफेचा फायदा वेगळाच. म्हणून शाळकरी मुलगाही दांडा मारून गाडी वर नेऊ शकतो. पण एकदा वर गेल्यावर तिचा सगळा भार रबरी सील आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर असतो. सील झिजले किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की तेल मागे सरकते. कधी ते तासभर घेते, कधी क्षणभर. सोलापुरातल्या धुळीत वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या जॅकबद्दल तर काहीच सांगता येत नाही.

एवढे असूनही जॅक मोडून गाडी पडणे विरळाच. छोटी हॅचबॅक रिकामी असताना साधारण 800 ते 900 किलोची असते. इंजिन पुढे आणि पुढच्याच चाकांना ओढ असलेल्या गाडीत निम्म्याहून बराच अधिक भार पुढे असतो. म्हणजे पुढचे एक चाक उचलताना जॅकवर साधारण अडीचशे किलो येतात. जॅकवर एक टन लिहिलेले पाहून माणूस निर्धास्त होतो. पण जॅक मोडत नाही. तो कलंडतो, रुततो, किंवा त्याच्या माथ्यावरून गाडी घसरते. त्यामुळे गाडी उचलण्याचा विचार खालच्या जमिनीपासून सुरू करावा लागतो.

हिशेब सोपा आहे. टायरमधली हवा 30 पीएसआय असेल तर टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोने दाबतो. दहा बाय सात सेंटिमीटर बुडाचा जॅक अडीचशे किलो पेलतो तेव्हा हाच दाब साडेतीन किलो होतो. ज्या जमिनीवर गाडी निवांत उभी होती, तिच्यावर आता दीडपटीहून जास्त जोर पडलेला असतो. जॅकखाली एक फूट लांब-रुंद जाड फळी ठेवली, तर तोच दाब तीनशे ग्रॅमच्या खाली येतो. अट एकच, फळी वाकणार नाही इतकी जाड हवी. अर्ध्या इंचाचा प्लायवूड मऊ जमिनीवर मध्येच खचतो.

सोलापुरात हा हिशेब विशेष लागू पडतो, कारण इथल्या घरांभोवतीची जमीन तऱ्हेतऱ्हेची आहे. अंगणात आणि पोर्चमध्ये अनेकदा शहाबादी फरशी असते. कलबुर्गीच्या पलीकडच्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड दिसायला भक्कम आणि घडवायला सोपा. माणसांची ये-जा, मोटारसायकल, टायरवर उभी असलेली मोटार हे सारे तो वर्षानुवर्षे सोसतो. पण खालचा मसाला एखाद्या जागी निसटलेला असेल तर तिथे जॅकचा टोकदार भार पडताच तो दुभंगतो. पान्याच्या दांड्याने फरशी ठोकून पाहिली की पोकळ जागा आवाजावरून कळते. गवंडी हेच करतात. दुसरी अडचण फरशांच्या सांध्यांची. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीसारखा फिरतो, त्यामुळे जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडे पुढे-मागे सरकावे लागते. चाके सांध्यात अडकली तर जॅक जागीच राहतो आणि माथा गाडीखालून बाजूला ओढला जातो. गाडी घसरण्याचे हे कारण ठाऊक नसेल, तर गुळगुळीत दिसणाऱ्या अंगणातच घात होतो.

जुळे सोलापूरसारख्या भागांत प्लॉटची मूळ माती काळी आहे. मे महिन्यात तिला भेगा पडतात आणि वरची ढेकळे दगडासारखी लागतात. एका पावसानंतर तीच माती फुगून लोण्यासारखी होते. वरून टाकलेला मुरूम रोलरने दाबलेला असेल तरच उपयोगाचा. रस्त्याकडेला काम करावे म्हटले तर उन्हाळ्यात डांबर आडवे येते. पारा चाळिशीपार गेला की काळे डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि स्टँडचे पाय त्यात तासाभरात उमटतात. काँक्रीटचा सपाट कोबा ही सर्वांत चांगली जागा. गटारावरून पोर्चकडे चढणारा उतार ही सर्वांत वाईट, आणि गाडी नेमकी तिथेच उभी करायची सवय असते.

जागा ठरली की गाडी जखडायची. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बहुतेक मोटारींत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढची बाजू उचलताना मागची चाके जमिनीवर असतात आणि हँडब्रेक आपले काम करतो. मागची बाजू उचलली की ब्रेक लागलेली चाकेच हवेत जातात, आणि जमिनीवर उरलेली पुढची चाके मोकळी असतात. मग गाडी गिअरमध्ये ठेवली की झाले, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. इंजिनाची ओढ डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना जाते. त्यातले एक चाक हवेत असेल, तर ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे सुलटे. गिअर लागलेला असूनही गाडी सरकते. ऑटोमॅटिक गाडीतल्या पार्किंगच्या खाचेचेही तेच. म्हणून हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावून, शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून उटी लावणे आवश्यक. गोल दगड चाकाखालून घरंगळतो. तिरका कापलेला लाकडी ठोकळा घट्ट बसतो.

चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत. वर घेतलेल्या गाडीच्या घट्ट नटावर लांब पान्याने जोर लावणे म्हणजे तिला जॅकवरून ढकलणेच.

जॅक कुठे लावायचा हे गाडीसोबतच्या पुस्तकात चित्रासह दिलेले असते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चौकट नसते. पत्र्याची कायाच भार वाहते. दारांखालच्या पट्टीची कड पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे जास्त मजबूत केलेली असते आणि तिथे दोन खाचा दिसतात. डिकीतल्या जॅकच्या माथ्यावरची चीर या खाचांमध्येच बसते. तिथून वीतभर सरकले तरी पत्रा आत जातो. बोलेरोसारख्या चौकटीच्या गाडीत चॅसी किंवा मागचा आख चालतो. इंजिनाखालचे ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, फ्लोअरचा पत्रा यांना जॅक कधीच लावू नये. पेट्रोलच्या टाकीबद्दल तर बोलायलाच नको.

वर घेताना घाई नको. चाक जमिनीवरून जेमतेम सुटले की थांबून सगळीकडे पाहायचे: जॅक सरळ उभा आहे का, फळी एका बाजूने दबली का, उटी जागची हलली का. शंका आली तर खाली घेऊन पुन्हा लावायचा. गाडी गरजेपेक्षा एक इंचही जास्त वर नको, कारण उंची वाढते तसा तोल हलका होतो.

मग टेकू. स्टँड दोन प्रकारचे मिळतात. एकात उभ्या दांड्याला दाते असतात आणि एक खटका त्यांत अडकतो. दुसऱ्यात नळीच्या भोकांतून जाड पिन आरपार जाते. 2020 मध्ये अमेरिकेत एका मोठ्या हत्यारविक्रेत्याला दातेवाल्या प्रकारचे तीन आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवावे लागले होते. भाराखाली खटका दात्यांतून निसटू शकत होता. दातेवाला स्टँड म्हणून टाकाऊ ठरत नाही, पण भार देण्यापूर्वी खटका पूर्ण बसला आहे हे डोळ्यांनी पाहावे. पिनमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसते. लिहिलेली क्षमता एका स्टँडची की जोडीची, हेही खरेदीवेळी विचारावे. स्टँड पुस्तकात सांगितलेल्या जागी लावून जॅक सावकाश उतरवायचा, म्हणजे भार स्टँडवर येतो. नंतर जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर घेऊन तिथेच ठेवायचा. आता गाडीला बाजूने हाताने चांगला हिसका द्यावा. पडायची असेल तर ती खाली माणूस नसताना पडावी. काढलेले चाक किंवा स्टेपनी दारांखालच्या पट्टीखाली आडवी सरकवली की शेवटचा आधार होतो. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. 1904 मध्ये तिथे निघालेल्या जादा चाकाचे नाव आपल्याकडे अजून टिकून आहे.) हल्लीच्या काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळते, तिथे हा आधार लाकडाचा करावा लागतो.

स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक रचणे ही नेहमीची आणि प्राणघातक सवय आहे. वीट भिंतीत टनावारी वजन पेलते, कारण तिथे भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरतो. पट्टीची लोखंडी कड मात्र तिच्यावर एका रेषेत टेकते, आणि वीट कसलीही सूचना न देता फुटते. लाकूड असे करत नाही. ते आधी दबते, करकरते, तडकते, आणि माणसाला बाहेर पडायला वेळ देते. बैलगाडीच्या चाकांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली बाभूळ यासाठी उत्तम. चौरस ठोकळे एकाआड एक उभे-आडवे रचले की थर घसरत नाही.

गाडीखाली शिरल्यावर किल्ली स्वतःच्या खिशात असावी आणि घरातल्या कुणाला तरी ठाऊक असावे. लहान मुलांना दारे उघडू देऊ नयेत. खालून लांब पान्याला आडवा हिसका देणे टाळावे. असा नट गॅरेजसाठी सोडून द्यावा.

उतरवताना क्रम उलटा. गाडीखालची हत्यारे, डबे, चिंध्या आधी बाहेर. जॅकने थोडे वर घेऊन आधी लाकूड आणि चाक, मग स्टँड काढायचा आणि व्हॉल्व्ह केसभर उघडून गाडी सावकाश खाली आणायची. चाक हवेत असतानाच नट हाताने बसवून, ते टेकल्यावर एकमेकांसमोरच्या क्रमाने आवळायचे; गोलाकार क्रमाने आवळले तर चाक तिरके बसते. पायाने पान्यावर उभे राहून आवळल्यास आटे खराब होतात. पुस्तकात दिलेला जोर मोजणारा टॉर्क पाना वापरावा. अक्कलकोटची एक फेरी झाली की थंड चाकांवर तोच पाना पुन्हा एकदा लावून पाहायचा, त्यानंतर उटी आणि फळ्या परत डिकीत ठेवायच्या.