सिड ६५८१: तीन आवाजांची चिप

सिड ही कमोडोर ६४ या घरगुती संगणकातली आवाजाची चिप. हा संगणक १९८२ साली अमेरिकेत ५९५ डॉलरला बाजारात आला. चिपचे पाय २८, क्रमांक ६५८१, आणि एका वेळी निघणारे आवाज तीन. जुन्या संगणकांच्या आणि व्हिडिओ गेमच्या ध्वनिचिपवर रचलेल्या संगीताला चिपट्यून म्हणतात. त्या जगात सिडइतका मान फार थोड्या चिपना मिळाला, आणि तिच्याइतके रचनाकारांना छळलेही फार थोड्यांनी. मान आणि छळ या दोहोंचे मूळ एकच आहे: ही चिप खऱ्या सिंथेसायझरसारखी घडवली गेली, पण घाईत.

तिचा निर्माता बॉब यॅनेस. पेनसिल्व्हानियातली एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी कमोडोरने १९७६ साली विकत घेतली होती. यॅनेस तिथे अभियंता होता आणि त्याला सिंथेसायझरचा नाद होता. त्या काळच्या बहुतेक ध्वनिचिपची मजल बीप, शिट्टी आणि स्फोट यांपलीकडे जात नसे. यॅनेसने १९८१ साली काही महिन्यांत सिड उभी केली. आणखी पुष्कळ आवाज देण्याचा विचार होता पण वेळ नव्हता, असे त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले. चिप झाल्यावर तो कंपनीतून बाहेर पडला आणि सहकाऱ्यांबरोबर त्याने एन्सॉनिक ही वाद्ये बनवणारी कंपनी काढली.

सिडमध्ये स्वर तयार होतो तो मोजणीतून. प्रत्येक आवाजामागे २४ बिटांचा एक काउंटर असतो. घड्याळाच्या दर ठोक्याला त्यात एक ठरावीक संख्या मिळवली जाते. काउंटर भरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि असा एक फेरा म्हणजे तरंगाचे एक आवर्तन. मिळवायची संख्या रचनाकार देतो, ० ते ६५,५३५ यांपैकी कोणतीही. युरोपातल्या कमोडोरचे घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देते. त्यावर ४४० हर्ट्झचा स्वर हवा असेल तर ७,४९३ ही संख्या द्यावी लागते. चिपचे रजिस्टर, म्हणजे संख्या ठेवायचा कप्पा, आठच बिटांचे, म्हणून तिचे दोन तुकडे करायचे: एका रजिस्टरमध्ये २९, दुसऱ्यात ६९. ही संख्या दर फ्रेमला, म्हणजे पडदा रंगण्याच्या दर फेरीला, थोडी वाढवत नेली की मींड येते, खालीवर हलवली की कंप येतो. अमेरिकेतल्या यंत्राचे घड्याळ मात्र १०,२२,७२७ ठोक्यांचे. युरोपात रचलेली धून तिथे जशीच्या तशी लावली तर जवळजवळ दोन-तृतीयांश सेमीटोनने वर चढते. आणि पडदा सेकंदाला ५० ऐवजी ६० वेळा रंगत असल्यामुळे लयही पाचव्या हिश्श्याने वाढते.

तरंगाचे आकार चार: त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज. त्यांतला पल्स सर्वांत लवचिक. त्याची रुंदी १२ बिटांच्या संख्येने बदलता येते, आणि ती हळूहळू बदलत ठेवली की एकाच सुराला दाटपणा येतो, दोन वाद्ये जवळजवळ सुरात लागल्यासारखा. एका आवाजाने दुसऱ्याला बांधून घेण्याची, किंवा त्याच्याशी गुणाकार करून घंटेसारखा नाद काढण्याची सोयही आहे; मात्र त्यासाठी शेजारचा आवाज गुंतून पडतो, आणि तीनच आवाज असलेल्या चिपवर ही किंमत फार मोठी आहे.

तीन आवाजांत गाणे बसवायचे म्हणजे मुख्य धून, बास आणि ताल एवढ्यातच जागा संपते. मेळासाठी एकही आवाज उरत नाही. त्यावर तोडगा असा निघाला की मेळाचे तिन्ही स्वर एकाच आवाजात, एकामागून एक, सेकंदाला पन्नास या वेगाने वाजवायचे. पहिल्या फ्रेमला सा, दुसऱ्या फ्रेमला ग, तिसऱ्या फ्रेमला प, मग पुन्हा सा. कानाला ते वेगळे ऐकू येत नाहीत. एक थरथरता मेळ ऐकू येतो. चिपट्यूनची ओळख बनलेला हा आवाज अडचणीतून जन्मला. ढोलाचीही तीच कथा. पहिल्या फ्रेमला नॉइजचा फटकारा, पुढच्या दोन-तीन फ्रेमांत वेगाने खाली घसरणारा पल्स, आणि लगेच त्याच आवाजात बासचा स्वर. इंग्लंडच्या रॉब हबर्डने १९८५च्या ‘मॉन्टी ऑन द रन’ आणि ‘कमांडो’ या गेमच्या संगीतात अशा युक्त्या इतक्या सफाईने वापरल्या की फक्त तीन आवाज चालू आहेत हे ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

हबर्डच्या संगणकावर ना पियानोच्या पट्ट्या होत्या, ना स्वरलिपीचा कागद. स्वर, त्यांची लांबी, वाद्याचे गुण हे सगळे संख्यांच्या रूपात टाइप करायचे आणि ते वाजवणारा प्रोग्रॅमही स्वतःच असेंब्ली भाषेत लिहायचा. हा प्रोग्रॅम गेमच्या पोटात चालतो. युरोपीय यंत्रात एका फ्रेमला प्रोसेसरचे १९,६५६ ठोके मिळतात. त्यातले बहुतेक चित्र हलवण्यात आणि खेळाडूच्या हालचाली पाहण्यात जातात, संगीताला उरलेले. आणखी एक जाच म्हणजे चिपच्या २९ रजिस्टरांपैकी २५ फक्त लिहिता येतात, वाचता येत नाहीत. आत्ता कोणता स्वर चालू आहे हे चिपला विचारण्याची सोय नाही. म्हणून प्रोग्रॅमला प्रत्येक आकड्याची नक्कल मेमरीत ठेवावी लागते, आणि नक्कल व प्रत्यक्ष यांत फरक पडला की चूक शोधता शोधता रात्र जाते. जर्मनीच्या क्रिस हुल्सबेकने १९८६ साली साउंडमॉनिटर हा रचनेचा प्रोग्रॅम एका मासिकातून प्रसिद्ध केला, तेव्हा प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही या चिपचे दार उघडले. आज वापरला जाणारा गोटट्रॅकर हा प्रोग्रॅमही त्याच परंपरेतला. त्याच्या पडद्यावर तीन उभे रकाने खालून वर सरकत राहतात. प्रत्येक ओळीत स्वराचे नाव, वाद्याचा क्रमांक आणि एक आज्ञा, तीही सोळाच्या पायावरच्या अंकांत.

खरी झुंज सुरू होते ती एनव्हलपपाशी. स्वर किती वेगाने उठावा, किती वेगाने उतरावा, कोणत्या पातळीवर टिकावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा, या चार गोष्टी एनव्हलप ठरवतो. उठण्याचा काळ २ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत, विरण्याचा ६ मिलिसेकंदांपासून २४ सेकंदांपर्यंत. स्वस्त घरगुती यंत्रात असा एनव्हलप, तोही प्रत्येक आवाजाला स्वतंत्र, ही त्या काळी चैन होती. पण आवाजागणिक वेगळा व्हॉल्यूम चिपमध्ये नाही. जोर कमी-जास्त करायचा तर तो एनव्हलपच्या टिकण्याच्या पातळीतून, आणि चालू स्वराची ती पातळी उतरवता येते, चढवता येत नाही. क्रेशेंडो हवा असेल तर वेगळीच वाट काढावी लागते.

त्याहून चिवट दोष एनव्हलपच्या घड्याळात आहे. एनव्हलपची एकेक पायरी केव्हा घ्यायची हे १५ बिटांचा एक काउंटर ठरवतो. तो सतत मोजत असतो आणि ठरलेल्या संख्येला नेमका पोचला की पायरी पडते व तो शून्यावर येतो. सर्वांत वेगवान उठावासाठी ही संख्या ९ आहे. आता समजा, आधीचा स्वर सावकाश विरत होता आणि काउंटर २०० वर आहे. नव्या स्वराने ९ मागितले. काउंटर ९च्या पुढे गेलेला आहे. ‘मोठा आहे का’ ही तपासणी चिपमध्ये नाही, फक्त ‘तितकाच आहे का’ एवढीच आहे. थांबा चुकलेल्या एसटीप्रमाणे तो पूर्ण फेरा मारूनच परत येतो. फेरा ३२,७६८ ठोक्यांचा, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. तोवर स्वर उठतच नाही. एका फ्रेमला २० मिलिसेकंद लागतात, तेव्हा स्वर दीड फ्रेमहून अधिक उशिरा येतो. तोही कधी येतो, कधी नाही, कारण काउंटर त्या क्षणी कुठे असेल याचा नेम नसतो. वेगवान तानेत मधलाच एखादा स्वर गिळला जातो, आणि पुढच्या आवर्तनात तो गुपचूप परत हजर असतो. रचनाकाराला आपल्याच कानांवर शंका येते.

यावरचा उपाय हार्ड रीस्टार्ट या नावाने ओळखला जातो, आणि तो मोठ्या बुद्धीचा आहे. नव्या स्वराच्या दोन फ्रेम आधी चालू स्वर सोडून द्यायचा आणि विरण्याचा वेग सर्वांत जलद करायचा. दोन फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ३३ मिलिसेकंदांचा फेरा त्यात उरकतो आणि काउंटर ९च्या आतल्या छोट्या चकरा मारू लागतो. मग नवा स्वर कोणताही वेग मागो, काउंटर त्याच्या पुढे गेलेला नसतो. स्वर वेळेवर उठतो. याची भरपाई मात्र आधीच्या स्वराच्या शेपटातून होते. प्रत्येक स्वराला सहा फ्रेम मिळत असतील तर त्यातल्या दोन पुढच्याच्या तयारीत जातात. सलग, गळ्यातून यावी तशी सुरावट हवी असेल तर हार्ड रीस्टार्ट सोडून एनव्हलप न छेडता फक्त स्वराची संख्या बदलावी लागते. कुठे काय वापरायचे हा निर्णय स्वरागणिक करावा लागतो, आणि चांगल्या रचनाकाराचा हात त्यातच कळतो.

फिल्टरची गोष्ट अधिक काळजीची आहे. सिडमध्ये एकच फिल्टर आहे आणि तो तिन्ही आवाजांना मिळून. कोणत्या कंप्रतेपासून आवाज गाळायचा तो त्याचा बिंदू ११ बिटांच्या संख्येने ठरतो, पण आतली रचना अंकीय नाही. ट्रान्झिस्टर नियंत्रित रोधासारखे वापरले आहेत आणि चिपबाहेर ४७० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर जोडले आहेत. असे ट्रान्झिस्टर कारखान्यात हुबेहूब सारखे निघत नाहीत. त्यामुळे एकाच संख्येवर एका चिपचा फिल्टर उघडा असतो, तर दुसरीचा जवळजवळ बंद. ज्या यंत्रावर धून बसवली तिथे बास गरजतो. शेजारच्या यंत्रावर तोच बास गोधडीखालून आल्यासारखा येतो. म्हणून कित्येकांनी फिल्टरला हातच लावला नाही. ज्यांनी लावला त्यांनी तो आपल्या टेबलावरच्या चिपच्या कानाने जुळवला.

पुढे ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ८५८० ही सुधारित चिप आली. वीज १२ ऐवजी ९ व्होल्ट, फिल्टर बराच शिस्तीत, गुरगुर कमी. एनव्हलपचा दोष तसाच राहिला. आणि एक ‘दोष’ दुरुस्त झाल्याने संगीतच हरवले. जुन्या चिपच्या व्हॉल्यूम रजिस्टरला १६ पायऱ्या आहेत आणि तो बदलला की स्पीकरमधून टक् असा आवाज येतो. हा टक् सेकंदाला हजारो वेळा, हव्या त्या क्रमाने काढला तर ध्वनिमुद्रित आवाज वाजवता येतो, जणू चौथा आवाज मिळाल्यासारखा. मार्टिन गॉलवेच्या १९८७च्या ‘आर्कनॉइड’ या गेमच्या संगीतातले ढोल असे वाजतात. ८५८० वर तेच ढोल जेमतेम ऐकू येतात.

कमोडोर १९९४ साली दिवाळखोरीत गेली. सिड आता कुणी बनवत नाही. ६५८१ चालताना खूप तापते, बोटाच्या स्थिर विजेनेही दगावते, आणि जुना पॉवर सप्लाय बिघडून व्होल्टेज चढले तर संगणकाच्या इतर चिपबरोबर तीही जळू शकते. तिच्या जागी बसवायच्या नव्या पर्यायी चिप मिळतात. संगणकावर तिची नक्कल करणारे रीसिडसारखे प्रोग्रॅम खऱ्या चिपवर मापे घेऊन सुधारत गेले आहेत. पण नक्कल कोणत्या ६५८१ची करायची, हा प्रश्न मापे घेऊन सुटत नाही. सिडची धून जतन होते ती वाजवणाऱ्या प्रोग्रॅमसकट. त्या फाइलमध्ये चिप जुनी की नवी आणि घड्याळ युरोपीय की अमेरिकन, एवढे नोंदवायची सोय आहे. रचनाकाराच्या चिपचा फिल्टर किती उघडत होता याची नोंद त्यात नसते. आजचे काही रचनाकार म्हणून धुनेबरोबर आपल्या चिपवरचे ध्वनिमुद्रणही देतात. १९८५-८६च्या धुनांपैकी बहुतेकांसाठी तशी सोय उरलेली नाही; ज्या चिपवर त्या जुळवल्या त्यांतल्या अनेक विकल्या गेल्या, बदलल्या गेल्या किंवा जळाल्या, आणि नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फिल्टरची पट्टी कुठे ठेवायची हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते.