तरवडाला वाली कोण?

वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. आता गावकुसाबाहेरच्या पडीक माळावरही लेआउटचे दगड दिसतात.

शहरात हिवर, पळस तोडायचा तर परवानगी लागते. राज्याच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली: पन्नाशी गाठलेलं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावावी लागतात.

झुडपांचं काय? तरवड, बोराटी जेसीबीच्या एका फेरीत साफ. तरवडाच्या पिवळ्या फुलात पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा कुठे तो झडतो. शोभेच्या गुलमोहराने ही जागा भरत नाही.

कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात माळाला संरक्षण आहे, लेआउटात नाही. नगरपरिषदांनी पुढच्या वृक्षगणनेत झुडपांसाठीही एक रकाना ठेवावा.