कलेची पारख

आठवड्याच्या बाजारात धान्याच्या राशीपुढे उभा राहिलेला शेतकरी ज्वारीचा दाणा दाताखाली धरून फोडतो. तो कट्‌कन फुटला, म्हणजे धान्य चांगले वाळलेले आहे असे तो समजतो. कुंभाराच्या दुकानापुढे बसलेली गृहिणी मडके उचलून त्यावर टिचकी मारते. खणखणीत आवाज आला, म्हणजे मडके पक्के भाजलेले आहे व त्यास चीर नाही, हे तिला कळते. सराफ सोने काळ्या कसोटीच्या दगडावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस सांगतो. तिघेही आपापल्या परीने पारखीच होत. परंतु ज्वारी कसोटीच्या दगडावर घासण्याचे किंवा मडके दाताखाली धरून पाहण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. जशी वस्तू तशी तिची कसोटी, हे शहाणपण व्यवहारात सर्वांना अवगत असते.

पुस्तके, नाटके, शिल्पे आणि चित्रपट यांच्या बाबतीत मात्र या शहाणपणाचा अनेकदा विसर पडतो. साहसकथांची गोडी लागलेला विद्यार्थी ग्रंथालयातून एखादे आत्मचरित्र घेऊन जातो आणि ‘यात काहीच घडत नाही’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी ते परत करतो. दुसरा नाटकाचे पुस्तक उघडतो. त्यात त्याला नुसती बोलाचालीच दिसते. तिसरा लेण्यातील शिल्पापुढे क्षणभर थांबतो आणि ‘दगडाचे पुतळे आहेत’ एवढे पाहून पुढे जातो. प्रत्येक वेळी दोष कलाकृतीचाच असतो असे नाही; कित्येकदा लावलेली कसोटीच चुकीची असते. याउलट, एखादे पोकळ पुस्तक केवळ भपक्याच्या बळावर वाहवा मिळविते. तेव्हा कलाकृती कशाने यशस्वी होते आणि कशाने निराशा करते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम गोष्टीचा विचार करू गेल्यास मराठी घरातील अगदी लहान मुलांची गोष्टच उदाहरणादाखल पुरेशी आहे. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे घर मेणाचे. मोठा पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीच्या दाराशी येऊन हाका मारू लागतो. पक्षी माणसांसारखे बोलतात कसे, असा प्रश्न एकही मूल विचारीत नाही. गोष्टीच्या पहिल्याच वाक्यात त्या जगाचा नियम ठरून गेलेला असतो आणि मुलाने तो आनंदाने मान्य केलेला असतो. परंतु सांगणाऱ्याने मेणाचे घर पावसात वाहवले आणि शेणाचे टिकवले, तर तेच मूल तत्काळ हरकत घेईल. अद्‌भुत असणे हा गोष्टीचा दोष नव्हे. स्वतःच घालून दिलेला नियम मोडणे हा दोष होय.

कादंबरीचा प्रकार याहून निराळा. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. संकटे, ताटातूट, नवलाचे योगायोग आणि अखेरीस पुनर्भेट अशा रचनेची ही कथा त्या काळच्या वाचकांना फार आवडली. गद्यातील लांब कथा वाचण्याची मौज त्यांना नवी होती. पुढे त्याच धर्तीवर अनेक कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. आणि जे आरंभी नवल होते, त्याचा हळूहळू साचा बनला. नायक संकटात सापडला की त्याची सुटका होणारच, हे वाचकाला आधीच कळू लागल्यावर त्याला त्याची काळजी कशी वाटावी? १८९० साली हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात राजवाडे नाहीत, राक्षस नाहीत. यमू नावाची एक मुलगी मध्यमवर्गीय घरातील आपली कहाणी स्वतःच्या साध्या बोलीत सांगते. तिचे बालपण, तिचा विवाह, तिच्यावर कोसळलेले वैधव्य आणि त्यानंतरचे तिचे हाल वाचताना वाचकांना आपल्याच घराच्या माजघरात डोकावल्यासारखे झाले. असे दुःख भोगणाऱ्या मुली त्या काळी घरोघर होत्या. परंतु त्यांचे बोलणे कोणी ऐकून घेत नव्हते. कादंबरीने ते ऐकविले. माणसे आणि त्यांचे वर्तन खरे वाटणे, ही सामाजिक कादंबरीची कसोटी होय. लेखकाला पेच सोडविता आला नाही म्हणजे तो एखादा योगायोग आणून उभा करतो, आणि तेथेच वाचकाचा विश्वास उडतो.

आत्मचरित्रात घटना लहान असल्या तरी चालतात. सांगणारी व्यक्ती प्रामाणिक असावी लागते. लक्ष्मीबाई टिळक यांना शाळेचे रीतसर शिक्षण लाभले नव्हते. तथापि १९३४ सालापासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. संसारातील फजिती, पतीचा विक्षिप्तपणा, स्वतःचे अज्ञान आणि रुसवेफुगवे त्यांनी काहीही न लपविता सांगितले आहेत. दुसऱ्याला हसण्याआधी त्या स्वतःला हसतात; म्हणून दुःखाचे प्रसंग त्या सांगू लागल्या की वाचक त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. याउलट, ज्या आत्मचरित्राचा नायक कधी चुकतच नाही, ते पुस्तक कितीही अलंकारिक असले तरी कंटाळवाणे होते. अशा पुस्तकात माणूस सापडत नाही, केवळ त्याचा हार घातलेला फोटो सापडतो.

नाटक हे वाचण्यासाठी नव्हे, तर रंगभूमीवर पाहण्यासाठी लिहिलेले असते. छापील पानावर त्याचा अर्धाच देह असतो. उरलेला अर्धा नट, आवाज, प्रकाश आणि प्रेक्षकांची स्तब्धता यांतून सिद्ध होतो. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान वकील मद्याच्या आहारी जातो आणि त्याची पत्नी सिंधू हिच्या संसाराची धूळधाण होते, अशी ही शोकांतिका आहे. सिंधूची भूमिका बालगंधर्व करीत. ते भरजरी वस्त्रांतील मोहक स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते. परंतु येथे त्यांना दारिद्र्याने गांजलेली स्त्री उभी करावयाची होती. रेशमी शालू या भूमिकेस शोभला नसता. सिंधूला ठिगळांचे लुगडेच शोभले. जे एका नाटकाचे वैभव, तेच दुसऱ्या नाटकात विजोड ठरते. नाटकाचे पुस्तक वाचणाऱ्यानेही ही बोलणी मनातल्या मनात ऐकली पाहिजेत आणि पात्रे डोळ्यांपुढे उभी केली पाहिजेत. मगच ‘नुसती बोलाचाली’ जिवंत होते.

शिल्पकाराची अडचण याहून मोठी आहे. कथाकाराला शेकडो पाने मिळतात, नाटककाराला काही तास मिळतात. शिल्पकाराला मात्र एकच क्षण मिळतो. वेरूळ येथील कैलास मंदिर आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदले गेले. एकाच अखंड खडकातून, शिखरापासून पायथ्याकडे असे ते वरून खाली कोरीत आणलेले आहे. चुकून उडालेला दगड पुन्हा जोडता येत नाही, हे जाणूनच तेथील प्रत्येक घाव घातला गेला असला पाहिजे. या मंदिरावर रावण कैलास पर्वत हलवीत असल्याचा प्रसंग कोरलेला आहे. खाली अनेक हातांचा रावण सर्व बळ एकवटून पर्वत उचलू पाहतो. वर पार्वती दचकून शंकराचा हात धरते, तिची दासी भयाने पळत सुटते. आणि शंकर मात्र शांत बसलेला आहे. हा क्षण शिल्पकाराने किती विचारपूर्वक निवडला! रावण आणखी थोड्या वेळाने हरणार आहे, हे दगडात सांगितलेले नाही. ते पाहणाऱ्याला शंकराच्या मुद्रेवरून समजते. खालचा धसमुसळा जोर आणि वरची शांती यांचा विरोध ज्याने पाहिला, त्याला ‘दगडाचे पुतळे’ असे म्हणवणार नाही.

चित्रपटाला दृश्य, ध्वनी, गीत आणि अभिनय ही सर्वच साधने उपलब्ध असतात. म्हणूनच त्याला संयमाची गरज अधिक. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली प्रदर्शित झाला आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले व फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक असून विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली होती. त्यात चमत्कार आहेत; पण त्याचबरोबर घरातील ओढाताण, भुकेली मुले आणि जिजाईची आगपाखडही आहे. त्या खऱ्याखुऱ्या संसारामुळे तुकारामांची भक्तीही खरी वाटते. या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने रचला. तो तुकारामांच्या वाणीशी इतका एकरूप झाला की अनेकांना तो तुकारामांचाच वाटला. गीतकाराने आपले नाव मिरविण्यापेक्षा कथेची गरज ओळखली, हेच त्या गीताच्या यशाचे मर्म होय. प्रसंगाशी संबंध नसलेले गीत कितीही गोड असले, तरी ते वरातीत वाट चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखे वाटते.

येथे एक शंका उद्‌भवते. ज्या पुस्तकातील उपदेश चांगला, ते पुस्तक चांगले असे म्हणावे काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात उपदेश आहेच. परंतु तो कसा येतो पाहा. स्नान झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो. आई आपले लुगडे पसरून त्याचे पाय कोरडे करते आणि मग मन मळू नये म्हणूनही अशीच काळजी घ्यावी, असे सुचविते. ओले पाय, आईचे लुगडे आणि मुलाचा हट्ट हे आधी येते. शिकवण मागाहून येते. म्हणून ती मनात रुजते. हीच शिकवण ‘मुलांनो, मन स्वच्छ ठेवा’ एवढ्याच शब्दांत लिहिली असती, तर ती कोणाच्या स्मरणात राहिली असती? हेतू उत्तम असूनही असंख्य पुस्तके विस्मृतीत जातात, याचे कारण हेच आहे. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात श्याम आठवणी सांगतो, तर चित्रपटात त्या डोळ्यांपुढे घडतात. माध्यम बदलले, सांगण्याची रीत बदलली. परंतु आई व मुलगा यांच्यातील जिव्हाळा बदलला नाही, म्हणून दोन्ही कृती यशस्वी झाल्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, प्रत्येक कलाप्रकार आरंभीच रसिकाला एक वचन देतो. गोष्ट कुतूहलाचे वचन देते, कादंबरी जीवनाचे, आत्मचरित्र सत्याचे, शिल्प एका अर्थपूर्ण क्षणाचे. ते वचन पाळले गेले की समाधान होते, मोडले की निराशा होते. दुसरी ही की, कसोट्या निरनिराळ्या असल्या तरी सर्वांच्या मुळाशी कलावंताची सचोटी असते. उसनी भावना, उसना साचा आणि उसना थाट फार काळ टिकत नाही.

रसिकाचेही काही कर्तव्य आहे. ‘हे पुस्तक मला आवडले नाही’ आणि ‘हे पुस्तक वाईट आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले आवडीसंबंधी आहे आणि आवडीबद्दल कोणावर सक्ती करता येत नाही. दुसरे विधान हा एक निवाडा आहे. तो देण्यापूर्वी कृतीने काय करावयाचे योजले होते आणि ते कितपत साधले, याचा विचार करावयास हवा. इतरांनी स्तुती केली म्हणून स्तुती करणे आणि कंटाळा आला म्हणून निंदा करणे, ही दोन्ही आळसाचीच लक्षणे होत.

ज्वारी कसोटीच्या दगडावर घासून ‘यात कस नाही’ असे म्हणणारा मनुष्य बाजारातून रिकाम्या हाताने परततो. त्यात ज्वारीचे काहीच जात नाही; मात्र त्याच्या घरची चूल त्या दिवशी थंड राहते.