कोरियातली ‘लीग ऑफ लेजेंड्स’ विश्वस्पर्धा : खेळ, संघ आणि थोडी पार्श्वभूमी

२०२३ साली १० ऑक्टोबरपासून १९ नोव्हेंबरपर्यंत दक्षिण कोरियात ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या संगणकावरच्या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. २०११ साली ती सुरू झाली, २०२३ ची तेरावी. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत कॉलेजात जाणारी मुले तेव्हा याच विषयावर बोलत आणि मोठी माणसे नुसती ऐकत बसत. बडोद्यात नवरात्रीचे पास आणि अहमदाबादची क्रिकेटची तिकिटे सोडून तिसरा विषय निघणे त्या दिवसांत अवघडच, तरी हा निघत होता. म्हणून जरा बैजवार माहिती द्यावी असे आम्हाला वाटले.

आधी एक खुलासा. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. ती बातमी वाचून ‘तुमचा मुलगा खेळतो ते हेच ना?’ असे एक-दोघांनी विचारले. हे ते नव्हे. रमीच्या ॲपवर तेव्हा पैसे लावले जात, हरले तर ते जात. लीग ऑफ लेजेंड्स फुकट खेळता येतो. पैसे द्यायचे ते पात्रांच्या पोशाखांसाठी आणि तसल्या हौसेसाठी, आणि त्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही. स्पर्धेत बक्षिसाची रक्कम संघांना मिळते, जशी कुस्तीच्या फडात मल्लाला मिळते. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि ते क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले. पोशाखांवर मात्र मुले बरीच रक्कम घालवू शकतात, तेव्हा आपले कार्ड फोनला जोडून ठेवू नये हा सल्ला आम्ही जुन्या सवयीने देतो.

आता खेळ. पाच विरुद्ध पाच. चौकोनी मैदानाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन्ही संघांचे तळ, मधून तीन वाटा, वाटांच्या मध्ये जंगल. प्रत्येक खेळाडू एक पात्र निवडतो. पात्रे दीडशेहून जास्त आहेत आणि सामन्याआधी दोन्ही संघ आळीपाळीने प्रत्येकी पाच पात्रे बाद ठरवतात. ही निवडच निम्मी लढाई आहे असे जाणकार म्हणतात. वाटेवरचे बुरूज पाडत समोरच्याच्या तळापर्यंत जायचे आणि तिथला गाभा फोडायचा, की सामना संपला. साधारण अर्धा तास लागतो.

हिशेबी माणसाला यात एक गोष्ट आवडण्यासारखी आहे. प्रत्येक डावात सगळ्यांचे खाते जवळजवळ शून्यावर उघडते. शत्रूचे प्यादे मारले की थोडे सोने, खेळाडू मारला की जास्त, बुरूज पाडला तर सगळ्या संघाला. त्या सोन्याची हत्यारे घ्यायची, हत्यारांच्या जोरावर आणखी सोने मिळवायचे. म्हणजे चक्रवाढ व्याज! दहाव्या मिनिटाला दिसणारी लहानशी आघाडी पंचविसाव्या मिनिटाला डोंगराएवढी होते. पडद्यावर दोन्ही संघांच्या सोन्याचे आकडे सतत दिसतात. नवख्याने मारामारीकडे न बघता नुसते त्या दोन आकड्यांकडे बघितले तरी कोण जिंकतो आहे ते समजते.

हे सगळे कोरियात का रुजले, याचे उत्तर आमच्या नोकरीच्या काळातले आहे. १९९७ च्या अखेरीस आशियाई चलनसंकटात कोरियन वॉन कोसळला, नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, आणि नंतर लोकांनी घरातले दागिने देशासाठी आणून दिले. बँकेत असणाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. त्या संकटात नोकऱ्या गेलेल्या कितीतरी मधल्या वयाच्या लोकांनी मिळालेल्या पैशातून ‘पीसी बांग’ उघडले. बांग म्हणजे खोली. तासावर पैसे घेऊन संगणक वापरू देणारी दुकाने. सरकारने त्याच काळात ब्रॉडबँडचे जाळे टाकले. १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ आला आणि बेकार झालेल्या वडिलांच्या दुकानांत शाळकरी मुलांची गर्दी झाली. २००० साली सरकारी मान्यतेने कोरियाची ई-स्पोर्ट्स संघटना निघाली, त्याच वर्षी फक्त असे सामने दाखवणारी दूरचित्रवाहिनीही. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर माणसे लोटली असे सांगतात.

मान्यतेचा मार्ग नेहमी असाच असतो. कबड्डी आणि खोखो शेकडो वर्षे गल्लीत खेळले जात होते; १९२० च्या दशकात नियम छापून सामने भरवायच्या कामात आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचा हात होता. नियम, पंच, नोंदवही आली की खेळाला घरच्यांचा विरोध जरा नरमतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात खुर्चीवर बसून खेळायच्या प्रकाराला खेळ म्हणणे अनेकांना पटणार नाही, आणि शरीराच्या बाबतीत आमचेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. पण बुद्धिबळालाही आपण खेळच म्हणतो.

कोरियात सारे गोड झाले असेही नाही. २०१० मध्ये स्टारक्राफ्टचे नामांकित खेळाडू सामने विकताना सापडले आणि कायमचे बाद झाले. २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद, असा कायदाच केला. मुले आईवडिलांच्या नावाने खेळू लागली, मोबाइलवर खेळू लागली; दहा वर्षांनी तो कायदा मागे घेतला आणि वेळेचे बंधन ठरवणे घरच्यांवर सोडले. आपल्याकडेही असा कायदा हवा म्हणणाऱ्यांनी हा अनुभव बघावा.

२०२३ च्या स्पर्धेत २२ संघ होते. त्यांतले आठ १० ते १५ ऑक्टोबरला सोलमध्ये प्राथमिक फेरी खेळले. त्यांतून दोन पुढे. थेट आलेल्या चौदांत ते मिळून सोळा. या सोळांची फेरी १९ ऑक्टोबरपासून, आणि ती प्रथमच ‘स्विस’ पद्धतीने होती. बुद्धिबळ खेळणाऱ्यांना ही पद्धत ठाऊक आहे. १८९५ मध्ये झुरिकला ती पहिल्यांदा वापरली म्हणून हे नाव. प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे संघ एकमेकांसमोर येतात. इथे तीन विजय झाले की पुढे, तीन पराभव झाले की घरी. पाच फेऱ्यांत बरोबर आठ संघ वर आणि आठ बाहेर असा हिशेब जुळतो. कागदावर मांडून बघा, मजा येते. पूर्वीच्या गटांच्या पद्धतीत सोपा गट मिळालेला संघ फुकट पुढे जाई. स्विस पद्धतीत ते होत नाही. नंतर उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेऱ्या बुसानला, पाचपैकी तीन डावांच्या, आणि अंतिम सामना सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये.

संघांत खरी चुरस कोरिया आणि चीनची. २०२२ पर्यंतच्या बारा विजेतेपदांपैकी सात कोरियाची, तीन चीनची. युरोप आणि तैवान एकेक, तीही पहिल्या दोन वर्षांतली.

सर्वांत जड पारडे चीनच्या जेडीजीचे. जेडी या ऑनलाइन दुकानदारी करणाऱ्या कंपनीचा हा संघ. २०२३ मध्ये चीनमधले वसंत आणि उन्हाळा हे दोन्ही हंगाम त्यांनी जिंकले, मे महिन्यात लंडनची मध्यहंगामी स्पर्धाही जिंकली. विश्वस्पर्धाही जिंकली तर एका वर्षातले चारही मुकुट त्यांचे होणार होते, जे तोवर कुणालाच जमलेले नव्हते. गंमत अशी की त्यांच्या पाचांतले दोघे, कानावी आणि रुलर, कोरियन होते. (खेळाडू टोपणनावाने खेळतात.) हेच दोघे २९ सप्टेंबरला हांगझोउच्या आशियाई खेळांत कोरियाकडून सुवर्णपदक घेऊन आले, आणि वाटेत उपांत्य फेरीत चीनला हरवून! मग चीनच्या संघातून कोरियन संघांना हरवायला मायदेशी आले. पोटापाण्यासाठी परमुलखात जाऊन राहिलेल्यांना, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना, ही अडचण कळली असती.

त्या सुवर्णाची किंमत पदकापुरती नाही. कोरियात तरुणांना सुमारे दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा करावी लागते; आशियाई सुवर्णाने त्यातून जवळजवळ पूर्ण सूट मिळते. पंचविशीत ज्यांचे हात मंदावतात त्यांच्यासाठी दीड वर्ष म्हणजे सगळी कारकीर्द. आपल्याही मुलांचा संघ तिथे होता, तो उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. त्या व्हिएतनाममधले गॅम आणि व्हेल्स हे दोन संघ त्या विश्वस्पर्धेत होते, पण प्राथमिक फेरीतून.

कोरियाकडून पहिला मान जेन-जीचा. एके काळी हा सॅमसंगचा संघ होता. घरची लीग लागोपाठ तीनदा जिंकलेला, मधल्या जागेवर चोव्हीसारखा हिशेबी खेळाडू. पण मे महिन्यात लंडनला चीनच्या बिलिबिलीने त्यांना ३-० असे सरळ उडवले. घरचा वाघ, बाहेर शेळी असा शिक्का बसायच्या बेतात होता, आणि त्या वेळी तर स्पर्धा घरीच होती.

केटी रोल्स्टरने उन्हाळी साखळीत अठरांपैकी सतरा सामने जिंकले, बाद फेरीत मात्र टी-वनसमोर हात टेकले. डीप्लस किया चौथा. त्यांच्याकडे २०२२ च्या विजेत्या संघातला डेफ्ट होता. डेफ्ट आणि टी-वनचा फेकर एकाच शाळेतले, सोलच्या मापो हायस्कूलचे. २०२२ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या अंतिम सामन्यात डेफ्टच्या डीआरएक्सने फेकरच्या टी-वनला ३-२ ने हरवले.

फेकरबद्दल थोडे सांगायलाच हवे. ली सांग-ह्योक, २०२३ मध्ये वय २७. २०१३ मध्ये सतरा वर्षांचा असताना पहिले विश्वविजेतेपद, मग २०१५ आणि २०१६. २०१७ ला बीजिंगच्या भव्य स्टेडियममध्ये अंतिम सामन्यात ०-३ असा पराभव झाला आणि तो टेबलावर डोके टेकून रडला. त्या दिवशी समोरच्या संघात होता तो २०२३ मध्ये जेडीजीत असलेला रुलर. तेव्हापासून २०२३ च्या स्पर्धेपर्यंत सहा वर्षे फेकरला विश्वविजेतेपद मिळाले नव्हते. २०२३ च्या जुलैत हात दुखावल्यामुळे त्याला काही आठवडे बाहेर बसावे लागले आणि तेवढ्यात टी-वनची दाणादाण उडाली. तो परतला तशी घडी बसली, अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि जेन-जीकडून हरले. हांगझोउलाही प्रकृती बरी नसल्याने त्याने अंतिम सामना बाहेरून पाहिला. बाकीचे चौघे झ्यूस, ओनर, गुमायुसी, केरिया हे तेव्हा एकोणीस ते एकवीस वर्षांचे. फेकरला खेळताना पाहत वाढलेले. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीचा कौल टी-वनला होता. आम्ही कागदावरची आकडेवारी बघून जेडीजीच्या बाजूने होतो, पण मन फेकरकडे ओढत होते हेही खरे.

चीनचे बाकी तीन : बिलिबिली, ऑलिंपिक जिम्नॅस्ट ली निंग यांच्या कंपनीचा एलएनजी, आणि वेइबो. वेइबोत द-शाय हा कोरियन होता, जो २०१८ मध्ये चीनच्या संघातून इंचॉनला विश्वविजेता झाला. त्या वर्षी घरच्या मैदानावर एकही कोरियन संघ उपांत्य फेरीत नव्हता. ती सल तिथे तेव्हाही होती.

युरोपचा जी-टू आणि अमेरिकेचा एनआरजी यांनी आठांत जागा मिळवली तरी बरे, असे तेव्हा वाटत होते. तैवानच्या एका संघाच्या नावात चक्क सीटीबीसी ही बँक आहे. आमच्या वेळी बँका क्रिकेट आणि कॅरमवाले नोकरीला घेत, त्याचाच हा पुढचा अवतार.

एकूण बक्षीस २२ लाख २५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेअठरा कोटी रुपये. विजेत्याला त्याचा पाचवा हिस्सा. हा आकडा ऐकून बारावी कॉमर्समधला मुलगा पुस्तके बाजूला ठेवू म्हणाला, तर त्याला दुसरा आकडाही सांगावा. २२ संघ गुणिले पाच, म्हणजे ११० जण. सगळ्या जगातून. आमच्या वेळच्या बँकभरतीला याहून बऱ्या जागा असत. मात्र बघू नको म्हणू नये. शक्य तर एखादा सामना शेजारी बसून बघावा आणि त्यालाच समजावून सांगायला लावावे.

सामने यूट्यूबवर फुकट दिसतात, समालोचन इंग्रजीत. कोरियाचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच हे आपले दुपारचे दीड. सोळा संघांची फेरी नवरात्र, दसरा आणि कोजागिरीत आली. गरबा रात्री असल्याने अडचण नव्हती. उपांत्यपूर्व सामने २ ते ५ नोव्हेंबर. उपांत्य ११ आणि १२ नोव्हेंबर, त्यातला दुसरा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तेव्हा पूजेच्या वेळी फोन बाजूला ठेवायचा हे घरात आधीच ठरवून घ्यायचे होते. अंतिम सामना रविवारी १९ नोव्हेंबरला. त्याच दुपारी दोन वाजता अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. टीव्ही क्रिकेटला आणि लॅपटॉप मुलांना, अशी वाटणी आमच्याकडे झाली होती. भारत अंतिम फेरीत आला तर लॅपटॉपसमोर कोण बसेल ते बघायचे होते.