सेरेसवरचा डोंगर, नाव नागालँडचं!

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात सर्वांत मोठा कोण? सेरेस! व्यास जेमतेम ९४० किलोमीटर. २००६ पासून तो बटुग्रहांच्या यादीत आहे. २०१५ मध्ये नासाचं ‘डॉन’ यान तिथे पोहोचलं आणि विवरांनी भरलेल्या जमिनीवर एक डोंगर एकटाच ताठ उभा दिसला. हाच तो ‘अहुना मॉन्स’.

सणाचं नाव
सेरेस ही रोमन लोकांची शेतीची देवी. त्यामुळे इथल्या विवरांना जगभरच्या कृषिदेवतांची नावं मिळतात आणि इतर ठिकाणांना शेतीच्या सणांची. अहुना हा नागालँडमधल्या सुमी नागांचा सण, पीक हाती आल्यावर साजरा होणारा.

मूर्ती लहान, डोंगर महान
अहुनाची सरासरी उंची ४ किलोमीटर, म्हणजे नागालँडच्या सर्वोच्च सारामती शिखराहून थोडी जास्तच. पण सेरेस केवढासा! त्याच प्रमाणात पृथ्वीवर डोंगर उभारायचा, तर तो ५० किलोमीटरहून उंच होईल.

ज्वाळेविना ज्वालामुखी
अहुना हा थंड ज्वालामुखी आहे. त्यातून वितळलेला खडक नव्हे, तर खारट पाण्याचा घट्ट चिखल वर आला. सेरेसच्या पृष्ठभागावर तापमान उणे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तरी खोलवरचं पाणी पूर्ण गोठलं नाही, कारण क्षारांमुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो.

उतारावर धुण्याचा सोडा
डोंगराच्या तीव्र उतारांवर उजळ पट्टे चमकतात. तिथे सोडियम कार्बोनेट सापडलं. आपण त्यालाच धुण्याचा सोडा म्हणतो! आतलं खारट पाणी वर आल्याची ही खूण.

कालपरवाचा डोंगर
सेरेसचं वय साडेचार अब्ज वर्षं, अहुनाचं फार तर २० कोटी. या चिमुकल्या गोळ्याची ऊब केव्हाच संपली असेल, असं वाटत होतं. अहुनाने ते खोटं ठरवलं.

भाऊबंद बसले
एकच ज्वालामुखी कसा? २०१८ च्या एका अभ्यासात असे २२ घुमटाकार उंचवटे मोजले गेले. बर्फाचा अंश असलेले डोंगर स्वतःच्याच वजनाने कोट्यवधी वर्षांत हळूहळू पसरतात, बसतात. अहुना तरुण आहे, म्हणून अजून ताठ आहे.

पोटातला फुगवटा
अहुनावरून जाताना ‘डॉन’ला गुरुत्वाकर्षणाची ओढ किंचित जास्त जाणवली. खोलवरून चिखलाचा प्रचंड फुगा वर सरकला आणि त्याने कवच ढकलत हा डोंगर उभा केला, असा निष्कर्ष २०१९ मध्ये संशोधकांनी मांडला.

चढाई सोपी!
सेरेसचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३ टक्क्यांहूनही कमी. ७० किलोच्या गिर्यारोहकाला तिथला वजनकाटा जेमतेम २ किलो दाखवील. मात्र दिवस ९ तासांचा, त्यामुळे उजेड साडेचार तासच!

यान उतरवलं का नाही?
२०१८ च्या अखेरीस ‘डॉन’चं इंधन संपलं. पण त्याला सेरेसवर आदळू न देता अनेक दशकं टिकेल अशा कक्षेत मुद्दाम सोडण्यात आलं. जिथे खारं पाणी आणि सेंद्रिय रसायनं आहेत, तिथे पृथ्वीवरचे जंतू पोहोचता कामा नयेत. सजीवसृष्टीला लागणाऱ्या रसायनांचा शोध घ्यायचा, तर सेरेस आधी स्वच्छ राहायलाच हवा.